वर्ग पाच, शिक्षक दोन : जिल्हा परिषद शाळांचा एक हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जिल्हा परिषदेच्या शाळेविषयी धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही गावी चार माणसे बोलू लागली म्हणजे दोन तक्रारी हमखास कानी येतात. गावकरी म्हणतात, ‘मास्तर शाळेत सापडत नाहीत.’ शिक्षक म्हणतात, ‘शिकवू दिले तर ना!’ या दोन तक्रारी परस्परविरोधी आहेत असे समजून आपले कार्यकर्ते बहुधा एका बाजूस उभे राहतात. शेतकऱ्यांत काम करणारा गावकऱ्यांची री ओढतो आणि कर्मचारी संघटनेत काम करणारा शिक्षकांची. वस्तुतः दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. शाळेला माणसे पुरेशी दिलेली नाहीत, आणि जी दिली आहेत त्यांचा वेळ शाळेचा राहिलेला नाही. हे मूळ नीट तपासल्याशिवाय या प्रश्नावर पक्षाला कोणतीही भूमिका समर्थपणे मांडता येणार नाही.

या जिल्ह्याला शाळेची किंमत कुणी सांगावी असे नाही. निजामी राजवटीत माध्यम उर्दू होते, मराठी शाळा विरळ होत्या आणि मातृभाषेतून शिकणे हीच एक राजकीय कृती ठरत होती. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. कामगार चळवळीत ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ १९२९ च्या सुमारास तेथे शिक्षक म्हणून आले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे गेले ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिची पायाभरणी खेड्यातल्या एका वर्गखोलीत झाली हे मात्र आपण विसरतो. १७ सप्टेंबर १९४८ नंतर गावोगाव शाळा उघडल्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्या हाती गेले. मराठवाड्याच्या जिल्हा परिषदांकडे तर माध्यमिक प्रशालाही आहेत. भूम-परंड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला, कळंब-वाशीच्या ऊसतोड मजुराला, उमरग्याच्या शेतमजुराला आपल्या मुलासाठी विनामूल्य मिळणारी एकमेव संस्था म्हणजे ही शाळा होय. तिचा कस कमी झाला तर श्रीमंताचे काही बिघडत नाही. तो शहरातल्या शाळेची फी भरतो. बिघडते ते याच माणसांचे.

तासांचा हिशेब

आता हिशेबाकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने २००९ साली केला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी शिक्षकसंख्या ठरवून दिली आहे : ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार. त्याच अनुसूचीत असेही लिहिले आहे की, पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मिळाले पाहिजे.

ही दोन कलमे शेजारी ठेवून पाहावीत. एखाद्या गावी पहिली ते पाचवीत मिळून ४८ मुले आहेत. कायद्याप्रमाणे शिक्षक दोन. वर्ग मात्र पाच. पाच वर्गांना प्रत्येकी ८०० तास द्यायचे तर वर्षाला ४,००० शिक्षक-तास लागतात. दोन शिक्षक एकही दिवस रजा न घेता, एकही तास वाया न घालवता शिकवीत राहिले तरी ते देऊ शकतात १,६००. म्हणजे प्रत्येक वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचे प्रत्यक्ष लक्ष ३२० तास, ठरवून दिलेल्या वेळेच्या दोन पंचमांश. उरलेले तीन पंचमांश मुले काय करतात? पाढे लिहितात, पाटीवर चित्र काढतात, मोठी मुले लहानांना सांभाळतात.

बहुवर्ग अध्यापनाचे शास्त्र आहे, आणि कुशल शिक्षक दोन इयत्ता एकत्र बसवून उत्तम शिकवू शकतो, हे खरे. तथापि त्या अध्यापनाला साध्या वर्गापेक्षा तयारी अधिक लागते. दोन इयत्तांचे पाठ एकमेकांत गुंफावे लागतात, स्वयं-अध्ययनाची साधने आधी तयार करावी लागतात. कायद्याने शिक्षकाचा आठवडा तयारीच्या वेळेसह ४५ तासांचा धरला आहे. ही तयारी करायला वेळ कोणता, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

समजा, या दोन शिक्षकांपैकी एकाला वर्षात ४० दिवस निवडणूक, सर्वेक्षण, प्रशिक्षण किंवा तालुक्याच्या बैठकीसाठी शाळेबाहेर जावे लागले. दिवसाचे चार तास धरले तर १६० तास गेले. वर्गाच्या वाट्याचे ३२० तास २८८ वर येतात. पण खरे नुकसान या सरासरीत दिसत नाही. त्या ४० दिवसांत पाचही वर्ग एका माणसाच्या हाती असतात. म्हणजे शिकवणे थांबते आणि राखण सुरू होते. गावकरी म्हणतात ‘मास्तर सापडत नाहीत’ ते याच दिवसांबद्दल.

सरासरीचे आवरण

सरकारपुढे हा प्रश्न मांडला की उत्तर ठरलेले असते. राज्यात किंवा जिल्ह्यात एका शिक्षकामागे सरासरी इतकीच मुले आहेत, प्रमाण कायद्यापेक्षा चांगले आहे, मग तक्रार कशाची? सरासरी हे अर्थशास्त्रात उपयोगी साधन आहे; प्रशासनात मात्र ते पुष्कळदा आवरणाचे काम करते. शिक्षक ही भागाकार करून वाटता येणारी वस्तू नाही. दहा गावांत प्रत्येकी बारा मुले आणि एका तालुक्याच्या गावी तीनशे, यांची सरासरी काढून दहा गावांपैकी एकाही वर्गात काय चालले आहे ते कळत नाही. शाळेचे एकक वर्ग हे आहे. ज्या मोजमापात वर्ग हा शब्दच येत नाही ते मोजमाप शाळेचे नव्हे, वेतनखर्चाचे आहे.

रिक्त पदांचेही तेच. कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत. ऐकायला हे बंधन कडक वाटते. पण एखाद्या तालुक्यात ५०० पदे मंजूर आहेत आणि ४५० भरलेली आहेत असे धरा. कायदा पाळला गेला. आता ती ५० रिक्त पदे जर दोनशिक्षकी शाळांच्या वाट्याला आली, तर ५० शाळा एकशिक्षकी झाल्या. तालुक्याच्या कागदावर दहा टक्के, त्या गावाच्या कपाळी पन्नास टक्के. बदल्यांच्या वेळी ‘समानीकरण’ या नावाखाली ठरावीक पदे मुद्दाम रिक्त ठेवण्याची पद्धत आहे. रस्त्यालगतची गावे आधी भरतात आणि आडबाजूचे गाव शेवटी उरते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

एकशिक्षकी शाळा नाहीशा करण्याचा संकल्प या देशाने १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात केला होता. ‘खडू-फळा मोहीम’ त्यातूनच निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक हे तिचे उद्दिष्ट होते. त्यानंतर जवळपास चार दशके लोटली. केंद्र सरकारच्याच ‘यू-डायस प्लस’ अहवालाप्रमाणे २०२४-२५ या वर्षी देशात १ लाख ४ हजारांवर शाळा एकशिक्षकी होत्या आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले शिकत होती. महाराष्ट्रातील अशा शाळांची संख्या ८ हजारांवर होती. दोन शिक्षक हे १९८६ साली किमान मानले गेले होते. आज ते किमान न राहता कमाल होऊन बसले आहे.

शाळेबाहेरची कामे

आता शिक्षकाच्या दिवसाकडे पाहू. कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला बिगर-शैक्षणिक कामास जुंपण्यास मनाई केली आहे. अपवाद तीनच : दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती-निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुका. या अपवादांना कुणाचा विरोध असण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात महापूर आला तेव्हा शाळा आणि शिक्षक गावाच्या उपयोगी पडावेत हे योग्यच.

पण अपवादाचे दार किती रुंद झाले आहे ते पाहावे. निवडणूक म्हणजे मतदानाचे दोन दिवस असे आता राहिले नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे ज्याला सर्वजण ‘बीएलओ’ म्हणतात, त्याचे काम याद्यांच्या निमित्ताने वर्षभर चालते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये दिलेल्या निर्णयात, मतदारयादीचे काम शिक्षकांना सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे असे म्हटले होते. २०२४ हे एकच वर्ष घ्या. जानेवारीच्या अखेरीस राज्य मागासवर्ग आयोगाचे घरोघर सर्वेक्षण झाले, त्यात शिक्षक प्रगणक होते. मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा. पुढे २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. तिचे प्रगणकही मोठ्या प्रमाणावर शाळेतूनच घेतले जाणार.

याखेरीज ज्याला कायद्यात बिगर-शैक्षणिक म्हणता येणार नाही असे एक काम आहे, आणि तेच सर्वांत अधिक वेळ खाते. ते म्हणजे माहिती भरणे. २०१५ पासून ‘सरल’ आले, त्यावर ‘यू-डायस’ आले, मुलांचे आधार क्रमांक जुळवणे आले, शालेय पोषण आहाराची रोजची नोंद आली, शिष्यवृत्त्या, गणवेश, पुस्तके, आरोग्य तपासणी या प्रत्येकाचा वेगळा तक्ता आला. मुख्याध्यापकपद मंजूर नसलेल्या लहान शाळेत हे सारे दोघांपैकी एका शिक्षकाच्या गळ्यात पडते. लिपिक नाही, शिपाई नाही. केंद्रप्रमुखाचे पद रिक्त असले की त्याचा प्रभारी कार्यभारही एखाद्या शिक्षकाकडेच येतो. एकच माहिती चार कार्यालये चार नमुन्यांत मागतात, कारण माहिती मागणाऱ्याला तिचा खर्च द्यावा लागत नाही. ज्या वस्तूची किंमत शून्य ती माणूस हवी तितकी मागतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. शिक्षकाचा वेळ शासनाच्या लेखी फुकट आहे. त्याची किंमत मुले मोजतात.

हे शासनाला ठाऊक नाही असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांना अध्यापनाशी थेट संबंध नसलेल्या कामांतून मोकळे करावे असे स्पष्ट म्हटले. नवसाक्षरता सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी २०२३ साली बहिष्कार टाकला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शैक्षणिक व अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला. पण काम करणारा दुसरा माणूस नेमल्याशिवाय केवळ वर्गवारी केल्याने काम कमी होत नाही. त्याचे नाव तेवढे बदलते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो महात्मा फुल्यांच्या नावाने येईल. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यात गावच्या शिक्षकाकडे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल अशी कामेही सोपवावीत अशी सूचना आहे. मग आजच्या शिक्षकाने मतदारयादी केली तर काय बिघडले? हा आक्षेप घेणाऱ्यांनी ते निवेदन पुरते वाचावे. फुल्यांचा हेतू शिक्षकाची गावातील प्रतिष्ठा वाढावी हा होता. त्याच निवेदनात शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार दरमहा किमान १२ रुपये व मोठ्या गावी १५ ते २० रुपये असावा, आणि उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाआधी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था व्हावी अशी मागणी आहे. फुले शिक्षकाला गावातील मानाचा माणूस करू पाहत होते. आजची व्यवस्था त्याला तहसील कार्यालयाचा बिनपगारी कारकून करते. या दोहोंत काही साम्य नाही.

पदे का भरली जात नाहीत

शिक्षकांचा तुटवडा हा कुणाच्या विसरण्याने झालेला नाही. तो धोरणाचा परिणाम आहे, आणि त्याची पावले मोजता येतात. सन २००० पासून शिक्षण सेवक योजना आली. पूर्ण पात्रतेचा, पूर्ण वेळ शिकवणारा तरुण तीन वर्षे मानधनावर राबवून घेण्याची ही सोय होती. हे मानधन प्राथमिक स्तरावर दरमहा ६,००० रुपयांवर कित्येक वर्षे गोठून राहिले; २०२३ मध्ये ते १६,००० झाले. त्याच सुमारास निघालेल्या वस्तीशाळांतील निमशिक्षकांना नियमित होण्यास २०१४ उजाडले. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, खोटे पट उघडकीस आले. खोट्या पटावर कारवाई व्हावी याबद्दल दुमत नाही. पण शिक्षा संस्थाचालकांना होण्याऐवजी झाली ती नव्या भरतीला. २ मे २०१२ च्या निर्णयाने शिक्षकभरती थांबली. २०१७ मध्ये ‘पवित्र’ पोर्टल आले, अभियोग्यता चाचणी झाली आणि त्या चाचणीतून प्रत्यक्ष नेमणुका होण्यास २०१९ उजाडले. पुढची चाचणी थेट २०२३ मध्ये. या काळात निवृत्त होणारे मात्र दरवर्षी ठरल्या तारखेला निवृत्त होत राहिले. डी.एड. झालेल्या तरुणांची एक पिढी या बंदीत वय उलटून बसली. गावात शाळेला शिक्षक नाही आणि त्याच गावात शिक्षक होण्याची पात्रता असलेला तरुण दुसऱ्याच्या दुकानात काम करतो, हे दृश्य मराठवाड्याला नवे नाही.

त्यानंतरचे पाऊल संचमान्यतेचे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शाळेला मिळणाऱ्या पदांचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांना या निकषांमुळे शिक्षकच उरत नाही, ही शिक्षक संघटनांची मुख्य तक्रार आहे. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, शिक्षकदिनीच, वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एका जागी १५,००० रुपये मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यातील प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले. कंत्राटी नेमणुकीचा निर्णय पुढे शासनाला मागे घ्यावा लागला. संघटित विरोधाने काय होऊ शकते याचे हे ताजे उदाहरण आहे. संचमान्यतेचे निकष मात्र तसेच राहिले, आणि १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांवर दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट आल्यामुळे संघटनांचे सारे लक्ष तिकडे वळले.

कमी पटाचे चक्र

पट कमी म्हणून शिक्षक कमी, हे तर्कशास्त्र वरवर बिनतोड दिसते. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आहेत, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले आणि २९ हजारांवर शिक्षक आहेत, असे आकडे २०२२ मध्ये पुढे आले आणि लगेच ‘एवढा खर्च कशासाठी’ अशी चर्चा सुरू झाली. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळांवर गंडांतर आले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘समूह शाळां’चे परिपत्रक निघाले.

पण पट आकाशातून कमी होत नाही. दोन शिक्षकांपैकी एक वारंवार बाहेर असतो, ज्या पालकाला झेपते तो मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो, पट घटतो, पुढच्या संचमान्यतेत पद जाते, उरलेल्या शिक्षकावरील भार वाढतो, आणखी दोन पालक मुले काढतात. कारण आणि परिणाम येथे एकमेकांचे पाय ओढतात. शासन या चक्राच्या मध्यभागी उभे राहून केवळ पट मोजते आणि ‘लोकांनाच ही शाळा नको आहे’ असा निष्कर्ष काढते. शाळा बंद झाल्यावर शासनाचा जो खर्च वाचतो तो नाहीसा होत नाही. तो गाडीभाड्याच्या आणि फीच्या रूपाने कुटुंबाच्या खिशातून जातो. ज्याच्या खिशात काही नाही त्याची मुलगी घरी राहते. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे. हा नियम मुलीच्या पायांचे अंतर धरून केलेला आहे, अंदाजपत्रकाचे नव्हे.

धाराशिव जिल्ह्यात या चक्राला आणखी एक पदर आहे. पदे ठरतात ती ३० सप्टेंबरच्या पटावर. दिवाळीच्या आगेमागे कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर मुले गावी राहतात, न झाली तर कोपीवर जातात. परतलेल्या मुलाला चार-पाच महिन्यांचा तुटलेला अभ्यास भरून काढण्यासाठी इतरांहून अधिक शिकवावे लागते. म्हणजे ज्या शाळेत अशी मुले आहेत तिला अधिक शिक्षक हवा. पण पटाच्या सूत्रात स्थलांतराला स्थान नाही. २०१८ साली केंद्राने उस्मानाबादचा समावेश ‘आकांक्षित जिल्ह्यां’त केला; राज्यातील अशा चार जिल्ह्यांपैकी हा एक. मागासलेपण अधिकृतपणे मान्य करायचे आणि शिक्षक मात्र पुढारलेल्या जिल्ह्याच्या सूत्राने द्यायचे, ही विसंगती कुणीतरी जाहीरपणे विचारली पाहिजे.

शेतकऱ्याचा राग

या विषयावर गावात बोलताना कार्यकर्त्यांची खरी अडचण वेगळीच असते. नापिकीने आणि कर्जाने पिचलेला शेतकरी शिक्षकाच्या पगाराचा आकडा सांगतो आणि विचारतो, ‘यांचे कसले हाल?’ शिक्षक गावी राहत नाहीत, शहरातून ये-जा करतात, स्वतःची मुले खाजगी शाळेत घालतात, हेही तो सांगतो. हे आक्षेप झटकून टाकण्याजोगे नाहीत. शिक्षक संघटनांनी वेतन आणि बदल्या यांसाठी जितके मोर्चे काढले तितके रिकाम्या वर्गासाठी काढले नाहीत, हे त्यांच्या हितचिंतकांनीच त्यांना सांगितले पाहिजे.

पण शेतकऱ्याला दोन गोष्टी समजावून सांगता येतील. एक, भरलेल्या पदाचा पगार कितीही असो, त्याच्या मुलाचे नुकसान होते ते रिकाम्या पदामुळे. दुसरी, पगारावरचा त्याचा राग शासनाला फार सोयीचा आहे. शिक्षकाविरुद्ध शेतकरी उभा राहिला की पदे कमी करण्याला लोकमताचा आधार मिळतो. १९६६ साली कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे सुचवले; जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. २०२० च्या धोरणाने तोच सहा टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहिला. मधल्या अर्धशतकात तो गाठला गेला नाही. खडाजंगी या न दिलेल्या पैशावर व्हायला हवी. ती शेतकरी आणि शिक्षक यांच्यात होऊन बसली आहे.

काय करता येईल

केवळ निषेधाचे ठराव करून हा प्रश्न सुटणार नाही. मागण्या थोड्या, नेमक्या आणि तपासता येतील अशा हव्यात.

पहिली मागणी अशी की, लहान शाळांची पदे मुलांच्या डोक्यावर न ठरवता वर्गांवर ठरवावीत. पाच वर्गांना दोन शिक्षक हा किमान आधार धरून, वर्ग तीनहून अधिक असतील तेथे तिसरा शिक्षक द्यावा. स्थलांतरितांच्या गावांसाठी हा निकष आधी लागू करावा. दुसरी, दोनशिक्षकी शाळेतील पद एक दिवसही रिक्त राहू नये. निवृत्तीची तारीख नेमणुकीच्या दिवसापासून ठाऊक असते. मग बदली शिक्षक जूनपूर्वी का मिळू नये? तिसरी, प्रत्येक केंद्रशाळेत माहिती भरण्यासाठी एक कायम लिपिक नेमावा आणि शाळांकडून येणारी सारी माहिती एकाच ठिकाणी, एकाच नमुन्यात घ्यावी. चौथी, दोनशिक्षकी व एकशिक्षकी शाळांतील शिक्षकांना मतदान केंद्रस्तरीय अधिकारी नेमू नये. गावात पदवीधर बेकार आहेत. त्यांना योग्य मोबदल्यावर हे काम द्यावे.

या मागण्यांना बळ यायचे तर पुरावा हवा आणि तो गावातच तयार होऊ शकतो. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बहुतेक गावांत ही समिती सहीपुरती उरली आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या समितीला एक साधी वही घालायला लावावी. कोणत्या दिवशी कोणता शिक्षक कोणाच्या आदेशाने शाळेबाहेर होता आणि त्या दिवशी किती वर्ग शिक्षकाविना राहिले, एवढेच तिच्यात लिहायचे. शिक्षकाला पकडण्यासाठी ही वही नाही, हे त्यालाही विश्वासात घेऊन सांगावे. विनाकारण गैरहजर राहणारा तिच्यात दिसेल, आणि आदेशाने राबवला जाणाराही दिसेल. दोन्ही तक्रारी त्याच पानावर तपासल्या जातील. वर्षाअखेर ती नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी आणि तालुक्यातील पन्नास गावांच्या नोंदी एकत्र करून जिल्हा परिषदेपुढे न्याव्यात. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जिल्हा परिषद काही वर्षे प्रशासकाच्या हाती होती आणि त्या काळात शाळेचा प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते. सदस्याला प्रश्न विचारता येतो तो हाती कागद असला तरच.

शिक्षक संघटनांशीही स्पष्ट बोलावे लागेल. पक्ष त्यांच्या पदांच्या मागणीमागे उभा राहील. त्यांनी गावाच्या वहीला विरोध करू नये, आणि मोर्च्याच्या मागण्यांत रिकाम्या वर्गाची मागणी सर्वांत वर लिहावी. शेतकऱ्यांच्या सभेतही हा विषय हमीभावाच्या आणि पीकविम्याच्या शेजारी मांडला गेला पाहिजे. शिकण्याखेरीज दुसरी मिळकत ज्यांच्या मुलांना मिळणार नाही तेच लोक या सभांना येतात.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आपापल्या गावच्या शाळेत किती वर्ग आहेत आणि पहिल्या दिवशी किती शिक्षक हजर आहेत, हे दोन आकडे प्रत्येक कार्यकर्त्याने लिहून तालुका कार्यालयात द्यावेत. कामाची सुरुवात तेवढ्याने होऊ शकेल.